बातमीत अकरा नावं होती, आकडा नव्हता

माझ्या मोबाईलमध्ये गेल्या खरिपातलं पेपरचं एक कात्रण आहे. गॅलरी भरली तरी ते मी डिलीट करत नाही. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात कृषी महाविद्यालयाच्या कृषिदूतांनी शेतकऱ्यांना सोयाबीनच्या उगवणशक्ती चाचणीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं, अशी ती बातमी. वर मोठा फोटो. मधोमध ओलं गोणपाट धरलेला एक पोरगा, आजूबाजूला बारा-पंधरा माणसं. त्यात पाठमोरा उभा आहे तो मी.

बातमीत नावं किती ते मी मोजलं. प्राचार्य, उपप्राचार्य, रावे कार्यक्रमाचे समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, दोन विषय शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील आणि तीन कृषिदूत. अकरा झाली. कुणाच्या मार्गदर्शनाखाली, कुणाच्या उपस्थितीत, कुणी परिश्रम घेतले, सगळं नीट लिहिलेलं. गोणपाटात शंभर दाणे ठेवले होते. त्यातले किती उगवले, हे मात्र बातमीत नाही. असूही शकत नव्हतं म्हणा, कारण बातमी गेली पहिल्या दिवशी आणि दाणे मोजायचा दिवस सातवा.

सातव्या दिवशीची बातमी आलीच नाही.

राजेहो, हे त्या कॉलेजला नावं ठेवायला लिहीत नाही. ती पोरं कामाची होती, त्यांच्याबद्दल शेवटी सांगतोच. माझा प्रश्न वेगळा आहे. शेतीचं कॉलेज एकीकडं, आपलं वावर दुसरीकडं. या दोघांच्या मधला निरोप्या कोण? आपल्या भागात हा निरोप कसा येत गेला, कुठं तुटला आणि आता तो प्रेसनोटपुरता का उरला, याचा थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात कापसापासून करावी लागेल, कारण आपल्याकडं सरकारला शेतीत रस आला तोच कापसामुळं.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडं वळली. आपला हा मुलूख तेव्हा वऱ्हाडात. नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. वर्धा नदी ओलांडली की मध्यप्रांत सुरू. म्हणजे हिंगणघाट आपल्याला आजही बाजाराचं गाव आणि तेव्हाही बाजाराचंच, पण मधे नदीसोबत राज्याची हद्द होती. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा थेट विलायतेत पोचलं होतं. लांब धाग्याचा देशी कापूस, त्याला बनी म्हणत. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त असं खास पद काढलं आणि त्यावर रिव्हेट-कारनॅक नावाचा साहेब नेमला. कापूस स्वच्छ कसा येईल, भारी मालात हलका माल मिसळणं कसं थांबेल, नव्या रेल्वेपर्यंत तो लवकर कसा पोचेल, हे त्यानं पाहायचं.

म्हणजे आपल्या कास्तकारानं काय पेरावं आणि कसं वेचावं यात डोकं घालणारा पहिला मोठा सरकारी माणूस कापूस विकत घेणाऱ्याच्या सोयीसाठी आला होता. वावरातल्या माणसाला काय हवं, हे विचारायला नव्हे.

आणि कास्तकारानं साहेबाचं ऐकलं का? नाही. बनीचा धागा लांब, पण त्यात सरकी जास्त, रुईचा उतारा कमी. आखूड धाग्याच्या जातींना रुई जास्त पडे आणि बोंडंही भरवशाची. बाजारात लांब धाग्याचे दोन पैसे जास्त मिळायचे, पण तेवढ्यानं उताऱ्यातली तूट भरून निघत नव्हती. माणसं हळूहळू आखूड धाग्याकडं वळली. साहेबांच्या कागदांत याला 'कापूस बिघडला' म्हटलं गेलं. कास्तकाराच्या हिशेबात तो सुधारला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या कृषी खात्यानं देशी जाती शेजारी शेजारी लावून तपासल्या, तेव्हा जास्त उताऱ्याची रोझियम नावाची जात शेतकऱ्याला फायद्याची, असं खात्यानंच सांगायला सुरुवात केली. अडाणी म्हणून ज्याला हिणवलं त्याचं गणित बरोबर होतं, हे कागदावर यायला अर्धशतक गेलं. धागाही सुधारावा आणि उताराही टिकावा, या खटपटीतून पुढं व्हेरम नावाची जात निघाली. ती खऱ्या अर्थानं संशोधन होती.

याच सुमारास एक जर्मन वंशाचा रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडातून हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आला होता, डॉ. व्होल्कर. १८९३ च्या अहवालात त्यानं स्पष्ट लिहिलं की इथला चांगला शेतकरी इंग्लंडातल्या सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतीत त्याहून सरस. त्याला ज्ञान नाही असं नाही, साधनं नाहीत. हा अहवाल आजही कुणी कृषी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात वाचून दाखवत असेल तर बरं होईल.

आता अमेरिकेकडं एक चक्कर मारू, कारण पुढं ती लागणार आहे. ज्या युद्धानं आपल्या कापसाला भाव दिला, त्याच युद्धाच्या ऐन मध्यात, १८६२ ला, अब्राहम लिंकननं एका कायद्यावर सही केली. मॉरिल कायदा. केंद्र सरकारनं राज्यांना जमीन द्यायची, ती विकून येणाऱ्या पैशातून राज्यांनी शेती आणि कारागिरी शिकवणारी कॉलेजं काढायची. पुढं १८८७ ला या कॉलेजांना जोडून संशोधन केंद्रं आली. आणि १९१४ ला आणखी एक कायदा झाला, स्मिथ-लिव्हर. त्यानं प्रत्येक जिल्ह्यात शेतकऱ्यापर्यंत जाणारा माणूस उभा केला आणि तो माणूस कृषी विद्यापीठाचा ठेवला. प्रोफेसर, प्रयोग करणारा आणि बांधावर जाणारा, तिघांचा मालक एकच. वावरातली तक्रार महिनाभरात प्रयोगशाळेच्या टेबलावर पडायची सोय झाली.

आपल्याकडं १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दुष्काळ आयोग बसला आणि त्याच्या शिफारशीवरून प्रांतोप्रांती कृषी खाती उघडली. नागपूरला महाराजबागेच्या परिसरात १८८८ ला शेतकी शाळा आली, १९०६ ला तिचं कॉलेज झालं. विदर्भातल्या शेतकी शिक्षणाची गंगोत्री ती. त्या काळात कॉलेज, प्रयोगाचं शेत, बियाणं वाटणारी माणसं आणि जिल्ह्यातले अधिकारी, सगळे एका कृषी खात्याच्या छपराखाली होते. आज वर्गात शिकवणारा उद्या बदलीवर जिल्ह्यात, जिल्ह्यातला परत कॉलेजात. नागपूरहून खात्याचं कृषी आणि सहकार गॅझेट निघायचं.

ती व्यवस्था फार छान होती असं मी म्हणणार नाही. गॅझेट वाचू शकणारी माणसं खेड्यात बोटावर मोजण्याइतकी. साहेबाची बंडी गावात आली तर पाटलाच्या नाहीतर मालगुजाराच्या वाड्यासमोर थांबणार, सुधारलेलं बी आधी त्याच्या कोठ्यात जाणार. आपल्या तालुक्यातल्या कोलाम पोडावर त्यातलं काय पोचलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. १९२६ ते २८ च्या शाही कृषी आयोगालाही, ज्याला लिनलिथगो आयोग म्हणतात, हे बजावावं लागलं होतं की सरकारी फार्मवर दाखवण्यापेक्षा शेतकऱ्याच्याच वावरात करून दाखवा. हीच शिफारस आजही दर काही वर्षांनी नव्या नावानं येते. पण एक गोष्ट त्या जुन्या व्यवस्थेत होती. दुरून का होईना, एकाच दोरीवर सगळे बांधलेले होते.

मग भाऊसाहेब आले. डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, जन्म १८९८ चा. १९५२ ते ६२ देशाचे कृषिमंत्री. भारत कृषक समाज त्यांनी काढला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी दिल्लीत होते, तेही प्रदर्शनात आले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शेतकऱ्यानं डोळ्यानं पाहावं, हात लावून पाहावं, असा भाऊसाहेबांचा आग्रह होता. आज अकोल्याला विद्यापीठ दरवर्षी शिवारफेरी भरवतं, उभी पिकं दाखवतं, हजारो कास्तकार एसटीनं आणि गाड्या करून जातात. मला ती त्याच आग्रहाची लेक वाटते. विद्यापीठाच्या सगळ्या कार्यक्रमांत मला मनापासून आवडणारा कार्यक्रम हाच.

भाऊसाहेब १९६५ ला गेले. विदर्भात कृषी विद्यापीठ व्हावं ही मागणी मागं उरली. राज्यातलं पहिलं विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रात जाणार असं दिसायला लागलं, तसा विदर्भ पेटला. ऑगस्ट १९६७ मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, माणसं मेली. शेतीचं विद्यापीठ मागताना गोळी खाल्लेली माणसं जगात इतरत्र कुठं असतील तर मला माहीत नाहीत. आणि मुख्यमंत्री कोण होते? वसंतराव नाईक. आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. राहुरीचं विद्यापीठ १९६८ ला झालं, आणि २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याला आपलं झालं. नाव पंजाबराव कृषी विद्यापीठ. सातबारा, बंडी आणि पीकेव्ही, हे तीन शब्द कळायला आपल्याकडं शाळेत जावं लागत नाही.

इथपर्यंतचा इतिहास जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणात ऐकू येतो. पुढचा येत नाही.

विद्यापीठ काढताना नमुना त्याच अमेरिकन कॉलेजांचा होता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार, तिन्ही एका ठिकाणी. आपण त्यातली दोन उचलली. कॉलेजं विद्यापीठाकडं गेली, संशोधन केंद्रं विद्यापीठाकडं गेली. गावोगावी जाणारी माणसं मात्र राज्याच्या कृषी विभागाकडंच राहिली. विद्यापीठात विस्तार शिक्षण संचालनालय उघडलं, पण त्याच्या हाताखाली गावात जाणारा कुणी नव्हता. पूर्वी एका छपराखाली असलेली दोरी ज्या वर्षी विदर्भाला विद्यापीठ मिळालं त्याच वर्षी कापली गेली. गोळ्या खाऊन मिळवलेल्या गोष्टीत हे छिद्र राहिलं, आणि तेव्हा आनंदात कुणाचं लक्ष गेलं नसावं.

तेव्हापासून आजपर्यंत हे असं चालतं. चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत नवी वाणं, यंत्रं, शिफारशी मंजूर होतात. मग त्या कृषी विभागाकडं जातात. मग जिल्हा, मग तालुका, मग कृषी सहायक. कृषी सहायकाकडं गावं अनेक, आणि त्याच्या दिवसाचा मोठा भाग पंचनामे, अनुदानाचे अर्ज, ऑनलाइन नोंदी यांतच जातो. त्यानं शिफारस वाचायची कधी आणि सांगायची कधी? मधली जागा भरायला विद्यापीठानं आपल्या परीनं धडपड केली, हे मान्य करायलाच पाहिजे. कृषी पत्रिका निघाली, कृषी संवादिनी नावाची डायरी निघाली, रेडिओवर तज्ज्ञ बोलले, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आलं, यवतमाळला संशोधन केंद्र आहे, आता यूट्यूबही आहे. आमच्या घरी बाबांच्या काळातल्या दोन-तीन संवादिनी आहेत. त्यातला छापील मजकूर कोरा करकरीत, मागच्या मोकळ्या पानांवर दुधाचा आणि मजुरीचा हिशेब. बाबांना वाचता येत होतं, बरं का. पण हेक्टरी किलोग्रॅम आणि प्रति लिटर मिली या भाषेत बाबा कधी बोलले नाहीत. त्यांचं माप एकर, पायली आणि पंप.

या तुटलेल्या जागेत कोण येऊन बसलं, ते कापसावरूनच कळतं.

१९७० ला गुजरातेत सुरतच्या केंद्रावर एच-४ निघाला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. मग आपल्या विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ आला. रजत आला. देशी कापसाच्या एकेए मालिकेतल्या जाती आल्या. रजत सरळ वाण, घरची सरकी ठेवून पेरता यायची. कोरडवाहू वावरात रजतनं बऱ्याच घरांना तारलं, हे साठीच्या पुढच्या कुठल्याही कास्तकाराला विचारा. म्हणजे बियाणं चांगलं असलं की ते प्रेसनोटशिवायही पसरतं. जावई सासुरवाडीहून आणतो, भाऊ बहिणीला देतो.

संकरित वाणानं एक सवय मोडली. दरवर्षी पाकीट घ्यायचं. मार्च २००२ ला बीटीला परवानगी मिळाली आणि खासगी कंपन्यांची पाकिटं आली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीला सोळाशेच्या वर रुपये पडायचे, २००६ ला किंमत साडेसातशेवर आली तेव्हा गावोगावी उड्या पडल्या. विद्यापीठाच्या वाणांत बीटी जनुक नव्हतं. चार-पाच वर्षांत ते दुकानाच्या फळीवरून गेलेच. बोंडअळीसाठी मारायच्या फवाऱ्यांचा खर्च वाचत असताना कोण रजत लावणार? कुणीच नाही लावला, मीही नाही.

त्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची. त्यात बिगर बीटी सरकी. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या वाढतील, त्यांची जोडी बीटी खाऊन वाचलेल्या अळ्यांशी जमेल आणि अळीला बीटी पचायला लागणं लांबेल. शास्त्र साधं आहे. पाच मिनिटांत कुणालाही सांगता येतं. विद्यापीठाच्या पुस्तकात ते होतं, पाकिटातल्या चिठ्ठीत बारीक अक्षरात होतं, पेपरातही आलं असेल. आपण ती पुडी काय केली? कुणी धुऱ्यावर फेकली, कुणी ढोरांपुढं टाकली, कुणी तूट पडली तिथं खांडणीला वापरली. सोयीची म्हणून कडेला तूरच लावली. ज्यानं पाकीट विकलं त्यानं पुडी का लावायची ते सांगितलं नाही आणि ज्याला माहीत होतं त्याला गावात पाठवायला कुणी नव्हतं. एकट्या पुडीमुळंच झालं असं मी म्हणत नाही, हंगाम लांबवणं, फरदड ठेवणं हेही होतं. पण २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं दोन जनुकांच्या बीटीलाही जुमानलं नाही आणि बोंडं आतून सडली.

त्याच २०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, एका पंपात दोन-तीन औषधं मिसळून फवारणी. जिल्ह्यात विसाच्या वर शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, कितीकांच्या डोळ्यांना त्रास झाला. सरकारनं चौकशी लावली, काही औषधांवर तात्पुरती बंदी आणली. दोन औषधं मिसळू नका, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, तोंडाला फडकं आणि हातात मोजे वापरा, यातलं एक वाक्यही नवीन नव्हतं. वर्षानुवर्षं छापलं जात होतं. मेलेल्यांत मजूर बरेच होते. डायरी मालकाच्या घरी येते, पंप मजुराच्या पाठीवर असतो.

मधल्या जागेत कोण बसलं ते आता सांगायची गरज नाही. कृषी केंद्र. मी दुकानदारांना शिव्या घालणाऱ्यांतला नाही. तो सकाळी आठला दुकान उघडतो, रात्री आठपर्यंत बसतो, तुमचं पान फोटोत पाहून 'हे मारा' म्हणतो आणि वर हंगामभर उधारी देतो. यातलं एकही काम विद्यापीठ करत नाही. पण रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला की काय होतं, ते कापूस आयुक्ताच्या काळापासून आपण पाहतोच आहोत.

आता पुन्हा बातम्यांकडं या. कृषी महाविद्यालयांचे, विद्यापीठांचे जनसंपर्कवाले आजकाल रोज काही ना काही पाठवतात. अमुक प्राध्यापकांना आचार्य पदवी. तमुक विभागप्रमुखपदी रुजू. सेवानिवृत्तीनिमित्त निरोप समारंभ. अमुक प्रकल्पाला मंजुरी. तमुक कंपनीशी सामंजस्य करार. मी या बातम्या वाचतो, आणि मला त्यांचा राग येत नाही. एखाद्या खेड्यातल्या पोराला पीएचडी मिळाली तर त्याच्या आईनं ते कात्रण फ्रेम करून लावावंच. पण या बातम्या संस्थेनं संस्थेसाठी लिहिलेल्या असतात. रुजू झाल्याची बातमी येते. पण राज्यातल्या कृषी विद्यापीठांत निम्म्याच्या आसपास पदं रिकामी आहेत, हे आपल्याला कळतं ते पत्रकारांनी माहिती काढली म्हणून, किंवा विधानसभेत प्रश्न आला म्हणून. निरोप समारंभाच्या बातमीत त्या सरांच्या जागी कोण येणार, ते कधीच नसतं. कापसावर काम करणारा माणूस निवृत्त झाला आणि खुर्ची रिकामी राहिली, तर ती आपल्यासाठी हमीभावाइतकीच मोठी बातमी आहे. प्रकल्पाचं तसंच. मंजुरी मिळाल्याचं कळतं, पाच वर्षांनी त्याचं काय झालं ते कळत नाही. 'यशस्वी झाला नाही' अशी प्रेसनोट तुम्ही कधी वाचली आहे? रोझियम चांगली, बनी परवडत नाही, हे खात्यानं कबूल केलं होतं. चुकलं असं छापायची हिंमत शंभर वर्षांपूर्वीच्या खात्यात काही प्रमाणात तरी होती.

बरं, ते गोणपाट.

रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाची पोरं काही आठवडे गावांत येतात, पोरं कृषिदूत आणि पोरी कृषिकन्या. अभ्यासक्रमाचा भाग आहे, मार्क असतात. पुष्कळ ठिकाणी तो फोटोपुरता उरतो हे खरं. आमच्याकडं तीन पोरं आली ती जूनच्या शेवटी. पाऊस लांबलेला, पेरण्या अडलेल्या, माणसं ओसरीवर बसून आभाळाकडं पाहत होती. पोरांनी बीजप्रक्रियेचं बोलायला सुरुवात केली तर आमच्या काकांनी मधेच टोकलं, "पोरा, मले एक सांग. पाकिटातली सरकी तं आधीच रंगवून येते. तिले अजून काय लावू?" सगळे हसले. पोरगा लाजला, पण डगमगला नाही. म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. कपाशीचं सोडा. सोयाबीन घरचं आहे ना? ते आणा."

सोयाबीन सरळ वाणाचं पीक. पाकिटांच्या या जमान्यात बियाणं अजून कास्तकाराच्या हातात उरलेलं हे मोठं पीक. आणि २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग पडला होता, तेव्हापासून सगळ्यांचे हात पोळलेले. त्यानं गोणपाट भिजवलं. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या. गुंडाळी केली, सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडायला सांगितलं. फोटो झाला. चहा झाला. बातमी दुसऱ्या दिवशी आली, ती वर सांगितली तीच.

सातव्या दिवशी तो पोरगा एकटाच सायकलवर आला. गोणपाट उलगडलं. काका, मी, शेजारचे दोघं. एकेक ओळ मोजली. त्रेसष्ट.

सत्तर लागतात. पोराचा चेहरा उतरला. काका म्हणाले, "मंग फेकू काय?" तो म्हणाला, "नाही हो." मोबाईलवर त्यानं हिशेब केला. सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी तीस किलो. तीस गुणिले सत्तर, भागिले त्रेसष्ट. तेहतीस आणि वर थोडं. "एकरी साडेतेहतीस धरा काका, आणि चार बोटं ओल झाल्याशिवाय पेरू नका, निदान पंच्याहत्तर मिलिमीटर तरी पडू द्या." काकांनी चार एकरांचं बी त्या हिशेबानं काढून ठेवलं, चौदा किलो जास्त. संध्याकाळपर्यंत 'त्रेसष्ट' हा आकडा गावभर झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सात घरांच्या ओसरीवर ओली गोणपाटं होती. एकाचं एक्केचाळीस आलं, तो त्याच आठवड्यात बी बदलून आला. पेरलं असतं तर दुबारचा खर्च त्याच्या बोकांडी बसला असता.

ही खरी बातमी होती. कुणी लिहिली नाही म्हणून मी मागच्या महिन्यात त्या पोराला फोन लावला. आता तो एका खत कंपनीत लागलाय, फिरतीवर असतो. विचारलं, "अरे, तो त्रेसष्टचा आकडा तुम्ही कॉलेजला कळवला होता का?"

तो म्हणाला, "हो काका, फाईलमध्ये लिहिलाय ना. गावानुसार तक्ता केला होता, सात घरांचेही आकडे घेतले होते. त्याला मार्क पण चांगले मिळाले."

"मग बातमीत?"

"बातमी वेगळी असते, काका. तिचा फॉरमॅट ठरलेला असतो."